पाठमोरी वाटणी

ससा झुडपातून निघाला आणि मानोलच्या पुढ्यात येऊन चक्क बसला. इतका जवळ, की त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या. मानोलने बंदूक खांद्याला लावली. बोट चापावर गेलं आणि तिथेच थांबलं, कारण सशाच्या मागे काटेरी जाळीत काहीतरी मोठं, तपकिरी उठून उभं राहिलं होतं.

अस्वलाची मादी होती. तिच्या पायाशी पिल्लू ओल्या पानांत नाक खुपसून फुरफुरत होतं.

बंदुकीत सशापुरते बारीक छर्रे. त्यांनी अस्वल मरत नाही, फक्त पिसाळतं. आणि उताराच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, त्याच्या जुन्या मित्राचा, सोतीरचा, जावई प्लामेन उभा होता, शिकारीला पाहुणा म्हणून आलेला. बिथरलेली मादी सुटली असती ती थेट त्याच्या अंगावर. मानोलने बंदूक हळूहळू खाली घेतली. एरवी सशाच्या नुसत्या वासाने रान डोक्यावर घेणारी त्याची म्हातारी कुत्री लीसा त्याच्या पायांत शिरून थरथरत होती. मादीने मानोलकडे नुसतं पाहिलं, पिल्लाला पुढे घातलं आणि जाळीत दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे ससा हलला आणि उताराने पळाला. खालून दोन बार झाले. दोन्ही चुकले.

"काका, डोळा लागला होता का?" प्लामेन धापा टाकत वर आला. "तुमच्या बुटावर बसला होता की तो!"

"मागे अस्वल होतं. पिल्लासकट."

"मग मला कसं नाही दिसलं?"

"तू सशाकडे बघत होतास."

प्लामेन हसला. शहरात गाड्यांचं मोठं दुकान चालवणाऱ्या माणसाचं हसणं होतं ते. समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच सुरू होणारं.

मानोलने उभी हयात गावाच्या पाण्याचा पंप चालवला. रोडोपीच्या डोंगरात, बर्फात नळ्या गोठल्या की लोक आधी त्याचं दार वाजवत. आता पंप तालुक्याहून बटण दाबून चालतो, आणि बायको दोन्का गेल्याला काही वर्षं झाली. उरला होता शनिवार. शनिवारी गावची शिकारी मंडळी निघत आणि हा माणूस जिवंत होई. बाकीचे दिवस तो पुढच्या शनिवारची वाट बघण्यात ढकले. मंडळीत जागा मोजक्या, एक गेला तरच दुसरा आत. वसंतात त्याचा मोतीबिंदू काढला. आता पूर्वीपेक्षा लख्ख दिसत होतं, पण गावाच्या लक्षात राहिली ती डोळ्यावरची पट्टी.

बार ऐकून सोतीर आला. मंडळीचा म्होरक्या. दोघांनी मिसरूड फुटायच्या वयात एकाच बंदुकीवर नेम शिकला होता. मानोलने त्याला झऱ्याजवळच्या मऊ चिखलात नेलं. तिथे पंजा उमटला होता, नखांसकट, आणि शेजारी दुसरा, लहानसा.

सोतीर गुडघ्यावर बसला. बराच वेळ बघत राहिला.

"गाय असेल," तो म्हणाला.

"गाईला नखं कधी फुटली रे?"

सोतीर उठला. त्याने ठशावर बूट ठेवला आणि टाच फिरवली, विडी विझवतात तशी. मग लहान ठशावरही फिरवली.

"मला काही दिसत नाही, बाबा. चल, भूक लागलीय."

अस्वलाची बातमी वनरक्षकाच्या कानावर गेली तर हा उतार शिकारीला बंद होईल, म्हणून पुसलं असेल, असं मानोलने मनाशी ठरवलं. जुनी मैत्री अशी असते. मित्राने केलेल्या गोष्टीची सबब आपणच शोधून ठेवतो. मंडळीच्या खोपटापर्यंतची वाट त्याने त्यातच काढली.

खोपटावर नवं कोरं पत्र्याचं छप्पर चढलं होतं. प्लामेनने घालून दिलेलं. इतरांनी मारलेले ससे सोलून झाले, तुकडे झाले, पाइनच्या डहाळ्यांवर माणशी एक असे वाटे मांडले गेले. राकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली फिरली. पहिला घोट पोटात गेल्यावर सोतीरने घसा खाकरला.

"मंडळी, एक बोलायचंय. आज पुढ्यात बसलेला ससा आपल्या मानोलला दिसला नाही. उद्या तिथे माणूस असला म्हणजे?"

"दिसला होता," मानोल म्हणाला. "मागे पिल्लासकट अस्वल होतं, म्हणून बार काढला नाही."

"आई आणि लेकरू! बापाला घरी ठेवून आली वाटतं," बेकरीवाला आसेन म्हणाला. सगळे हसले.

"सोतीर, तू ठसा पाहिलास."

सोतीर शेकोटीतली काटकी सारखी करत होता. "मी चिखल पाहिला."

मग आवाजात साखर घालून तो म्हणाला, "हे बघ, तुला कोण घालवतंय? पुढच्या शनिवारपासून तू इथे बस, रस्सा कर. तुझ्या हाताची चव कुणाला आहे? जागा प्लामेनला देऊ. पोरगा उभा आहेच."

एकेक मान हलली. मानोलच्या डोळ्याला डोळा मात्र कुणी देईना. काहीजण वर छपराकडे बघत होते. टाचेखाली काय पुसलं गेलं ते मानोलला तेव्हा कळलं. ज्याचा जीव वाचावा म्हणून त्याने ससा सोडला, त्यालाच त्याची जागा मिळत होती. सगळ्यांदेखत रडू येईल की काय, अशी भीती त्याला वाटली.

"चला, वाटणी उरकू," सोतीर म्हणाला. "आज तूच कर, मानोल. तुझाच मान आहे तो."

वाटणीची तऱ्हा जुनी. एकाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्याला काठी लावून विचारायचं, कोणाचा? पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. कुणाला मांडी गेली, कुणाला बरगडी, बोलणाऱ्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. पाठमोरा म्हणून कायम मानोलच उभा राही, कारण त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. शेवटचा वाटा उरला की तो "माझा" म्हणे आणि वळे. मग सगळे पेले उचलत.

बंदूक खांद्याला अडकवून तो गावाच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला. काठी प्लामेनच्या हातात होती.

"हा कोणाचा?"

"आसेनचा."

"हा?"

"सोतीरचा."

नावं होत गेली. "हा कोणाचा?"

"प्लामेनचा."

"वा, काका! मांडी आली." मग काठी पुन्हा टेकल्याचा आवाज झाला. "आणि हा शेवटचा. कोणाचा?"

मानोलने बंदुकीचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

"काका, कोणाचा?"

"अस्वलाचा."

कुणी हसलं नाही. शेकोटीत ओलं लाकूड चरचरत होतं.

"मानोल," सोतीर म्हणाला, "झाली वाटणी. वळ आता."

मानोलने लीसाला हलकी शीळ घातली. ती मांसापासून उठून त्याच्या टाचेशी आली. सोतीरने आणखी एक हाक मारली, या वेळी लहानपणीच्या नावाने. मानोल तसाच पाठमोरा वाटेला लागला आणि चालत राहिला.