सहावं गाणं

रविवारी दुपारी अवधूत समोर कागद घेऊन बसला होता आणि पेनाचं टोपण काही काढत नव्हता. कागदावर चारच ओळी होत्या. तळणीच्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता, माझ्यासोबत काम करणाऱ्या सुखदाचं लक्ष नव्हतं म्हणून तिचा हात भाजला, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. खाली सहीला जागा. खरं तर त्या मशीनचा तेल काढायचा नळ महिनाभर सैल होता. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या त्या रेस्टॉरंटात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मालकाला तर खुद्द अवधूतनेच दोनदा सांगितलं होतं.

मालक म्हणजे रवींद्रदादा, मूळचे ठाण्याचे. सर नाही, दादा म्हणायचं, असा त्यांचा प्रेमळ दंडक. एकदा दादा म्हटलं की माणसाला भांडायची लाज वाटते, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं. तू सही कर, तुझं नऊशे तासांचं पत्र तयार आहे, असं ते म्हणाले होते. २००८ साली मेलबर्नमध्ये स्वयंपाकाचा कोर्स करणाऱ्या प्रत्येक पोराचा जीव त्या पत्रात अडकलेला असे. इतके तास काम केल्याचं मालकाने लिहून दिलं तर पीआरचा, म्हणजे कायम राहण्याचा अर्ज, नाहीतर बॅग भरून घरी. सुखदानेही स्वतःची चूक लिहून दिलीय, असंही दादा जाता जाता म्हणाले होते. तिनेच मान्य केलं, मग आपल्या सहीने असा काय फरक पडतो? सकाळपासून अवधूत स्वतःला हेच समजावत होता. तिला फोन मात्र त्याने पाच दिवसांत एकदाही केला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या खोलीत ऑर्गन गरजला. फुट्स्क्रेच्या या घराचा मालक आल्दो, मेलबर्नची ट्राम चालवून रिटायर झालेला इटालियन म्हातारा, दर रविवारी एकच रेकॉर्ड लावायचा. त्र्याहत्तर सालची, त्याच्या बँडची पहिली आणि शेवटची. ड्रम्सवर तो स्वतः. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटांचं. मध्येच बासरी, मध्येच आरडाओरडा, ताल दर दोन मिनिटांनी बदलणार. अवधूतला ते सगळे वाट चुकल्यासारखे वाटायचे. पण आज एक शब्द त्याच्या कानात शिरला. रेकॉर्डवर शेदीडशे माणसं ओरडत होती, “पाने! पाने!”

न राहवून तो दारात गेला आणि त्याने विचारलं, ही माणसं नट आवळायचे पाने कशाला मागतायत? त्याचे वडील चिंचवडला फिटर होते. संप झाला तेव्हा ते आपले पाने घरी घेऊन आले होते आणि रोज संध्याकाळी त्यांना तेल लावून पुसत बसायचे, हेही त्याने सांगून टाकलं. आल्दो आधी खोकला येईपर्यंत हसला. इटालियनमध्ये पाने म्हणजे ब्रेड, कामगार ब्रेड मागतायत. मग तो म्हणाला की तुझ्या वडिलांवर खरं तर गाणं करायला हवं होतं.

त्याने रेकॉर्डचं कव्हर उलटं करून दाखवलं. पाच गाण्यांची नावं, आणि खाली अंगठाभर कोरी जागा. सहावं गाणं तुरिनच्या कारखान्यात प्रेसखाली सापडून मेलेल्या एका माणसावर होतं, त्याच्या नावानिशी. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला ते नको होतं. त्याने बँडमधल्या चौघांना वेगवेगळं गाठलं आणि प्रत्येकाला सांगितलं, बाकीचे तिघे तयार आहेत. चौघांनीही मान डोलावली. आधी कुणीच तयार नव्हतं, हे कळलं अकरा वर्षांनी, त्यांच्यातल्याच एकाच्या अंत्यविधीला.

“मी त्या माणसाला घाबरलो नव्हतो,” आल्दो म्हणाला. “मी फक्त बाकीच्या तिघांना फोन केला नाही.”

आपण इतके दिवस सुखदाला का टाळतोय, ते अवधूतला लख्ख कळलं. तिने नाही म्हटलं असतं तर आपल्यालाही नाही म्हणावं लागलं असतं. आता ते तासांचं पत्र हातचं गेलं, असं मनाशी म्हणतच त्याने नंबर लावला. सुखदा त्याच्यासोबत त्याच किचनमध्ये उभी राहायची, तिचेही तास भरत आले होते.

“तू लिहून दिलंस?” त्याने विचारलं.

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“तू सही केलीस ना? दादा म्हणाले, अवधूतने मंगळवारीच केली. मग मी एकटी कुणाच्या जोरावर भांडू? आत्ता सही करायलाच आलेय, रेस्टॉरंटबाहेर उभीये मी.”

“मी नाही केलेली. तू आत जाऊ नकोस, मी निघतोय,” अवधूत म्हणाला. फोन कानाला धरूनच तो बूट शोधायला लागला.

सुखदा रडत नव्हती, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“उजवा हात बँडेजमध्ये आहे ना,” ती म्हणाली. “तीन दिवस डाव्या हाताने सहीची प्रॅक्टिस करतेय रे मी.”