काहीही बोल, पण खरं बोल

मी खिडकी बोलतेय. वारा-उजेड घरात आणणारी खिडकी मी नव्हे. माझ्यासमोर माणसं येऊन उभी राहतात, आपलं काम सांगतात आणि जातात. जाड काच, मधोमध बोलण्यासाठी पितळेची गोल जाळी आणि खाली हात जाईल एवढी फट, एवढाच माझा देह. उजव्या कोपऱ्यात एक तडा आहे. तो पूर्वी बोटभर होता.

माझा जन्म बस-स्टँडवरचा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातलं आमचं हे गाव दोन डोंगरांच्या चिमटीत बसलंय. कोळशाच्या खाणी चालू होत्या तोवर माझ्यातून जाण्या-येण्याची, दोन्हीकडची तिकिटं जात. खाणी बंद झाल्यावर सगळे जाण्याचीच तिकिटं काढू लागले. मग एक दिवस तिकीट काढायलाही कुणी उरलं नाही, आणि मी एका गोठ्यात गवताच्या पेंढ्यांमागे जाऊन पडले.

अकरा वर्षांपूर्वी जुन्या बुटांच्या दुकानात व्यसन सोडवण्याचा दवाखाना निघाला, तेव्हा एका सुताराला माझी आठवण झाली. त्याने मला धुतलं, पुसलं आणि इथे बसवलं.

इथे पहाटे साडेपाचला रांग लागते. नदीवरचं धुकं अजून रस्त्यात असतं. माणसं दिसत नाहीत, नुसते खोकले ऐकू येतात. एकेक जण पुढे येतो. नर्स फटीतून छोटा पेला सरकवते, तो समोरच प्यायचा. त्यात पाणी घालून खळबळून तेही प्यायचं आणि मग काहीतरी बोलून दाखवायचं. तोंड रिकामं झालं याची ती खूण. कुणी औषध गालात धरून बाहेर विकायला न्यायला नको, म्हणून हा नियम.

बाकीच्या नर्सना नुसतं "थँक्यू" चालायचं. डेल्फिया कोम्ब्सला चालत नसे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "थँक्यू पोपटालाही येतं. काहीही बोल, पण खरं बोल."

मग माणसं बोलू लागली. कुणाच्या मुलीचा दात पडला, कुणाला गाडीच्या काचेवर बर्फाचं फूल दिसलं. डेल्फिया पेला विसळता विसळता हसायची, एखाद्याला दटावायची. दरवर्षी मोठ्या ऑफिसातून एक कागद यायचा. कामात समाधान आहे का, एक ते पाच. ती कागद माझ्या काचेवर टेकवायची आणि पाचाला गोल करायची. ते खरंच होतं.

थर्मन हेल यायचा तो कोंबड्यांची बातमी घेऊन. खाणीत छत कोसळून त्याची पाठ मोडली होती. दुखण्यावर गोळ्या मिळाल्या आणि पुढे त्या गोळ्यांनीच त्याला धरलं. बायको गेली, लेक दूर राहते. घरात तो आणि सहा कोंबड्या.

"मिस डेल्फिया, पिवळी आज रुसलीय."

"तू काय बोललास तिला?"

"काही नाही हो. शेजारणीची आधी चौकशी केली, एवढंच."

डेल्फियाने त्याच्यासाठी एक नेम धरला होता. एकही सकाळ न चुकवता थर्मनचं वर्ष पुरं होईपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही. चर्चमध्ये गुडघे टेकून तिने तसं कबूल केलं होतं. असले नेम बायका कुणाला सांगत नाहीत. पण कडू कॉफीचा पहिला घोट घेताना तिचे ओठ हलत, ते माझ्या काचेला दिसे. अकरा महिने झाले होते.

मग नर्स कमी होऊ लागल्या. चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. दुसरी रेनिटा. ती एका सकाळी म्हणाली, "अगं, काल नवरा जेवताना मीठ मागत होता, तर मी त्याला म्हटलं, आधी गिळ आणि बोलून दाखव! डेल्फिया, मी चालले दातांच्या डॉक्टरकडे. तिथे लोक तोंड उघडतात आणि गप्प बसतात."

दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता रेनिटाने एप्रन काढून खुंटीला लावला. तो अजून तिथेच आहे.

आता सगळी रांग एका डेल्फियाची. दवाखान्याचा व्यवस्थापक, प्रेविट, तिच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहू लागला. माणूस तसा वाईट नाही. त्यालाही वरून फोन येत. "माणशी चाळीस सेकंद, डेल्फिया. गप्पा नंतर."

मी काच आहे. समोरच्या चेहऱ्याआधी मला आतल्या बाजूचा चेहरा दिसतो. तिची नजर पेल्यावरून वर येईनाशी झाली. "बोल" म्हणायची आणि उत्तर येण्याआधी पुढचा पेला भरायची. दुपारी माझ्यावरचं शटर आपटून बंद करायची. आपटताना माझा तडा एक-एक केस पुढे सरके. त्या वर्षीही कागद आला. तिने पाचालाच गोल केला. थकवा किती, हे त्या कागदावर विचारलंच नव्हतं.

आणि तो गुरुवार आला. थर्मन दाढी करून, चर्चचा कोट घालून आला होता. औषध प्याला, पाणी प्याला.

"बोल."

"कोंबड्या देऊन टाकल्या, मिस डेल्फिया. सगळ्या. बहिणीला."

"छान. पुढचा."

तो क्षणभर जाळीपाशी थांबला. त्याच्या श्वासाने माझ्यावर वाफ धरली. मी मनात ओरडत होते, अगं, वर बघ, एकदा वर बघ! पण काचेचा आवाज फुटल्याशिवाय निघत नाही. वाफ विरली. तो गेला होता.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारीही नाही. शनिवारी सातच्या सुमाराला डेल्फियाच्या हातातला पेला अर्ध्यावर थांबला. तिने रांगेकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "थर्मन काय म्हणाला होता गं मला?" विचारलं कुणाला, ठाऊक नाही. बहुधा मलाच. मग तिला आठवलं, सहाही कोंबड्या देऊन टाकल्या म्हणाला होता. तो निरोप होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा, समोर माणसं उभी असताना तिने शटर ओढलं.

"डेल्फिया, कुठं?" प्रेविट ओरडला.

"त्याच्या घरी. तू ओत औषध. परवाना आहे ना तुझा? नुसतं घड्याळच कशाला धरतोस?"

त्या दिवशी पेले प्रेविटने भरले. पुढे तिच्याच तोंडून कळलं, थर्मन घराच्या पायरीवर बसलेला सापडला, तोच कोट अंगात, दोन दिवसांचा उपाशी. आणखी एक रात्र गेली असती तर तो हाती लागला नसता, म्हणाली. तिने त्याला इस्पितळात नेलं, बहिणीला बोलावलं.

सातव्या दिवशी तो पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. मधे खंड पडला म्हणून डॉक्टरांनी तपासून औषध कमी केलं होतं. तो प्याला. डेल्फिया पेला खाली ठेवून त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"बोल, थर्मन."

तो जाळीजवळ सरकला.

"मागे तीस माणसं आहेत," प्रेविट पुटपुटला.

थर्मन म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो होतो. आज तुम्ही बोला. काहीही, पण खरं."

तिने तळहात माझ्या काचेला टेकवला.

"मी सगळ्यांचं ऐकते, थर्मन, आणि मला कुणाचंच ऐकू येत नाही. रोज गाडीत बसून रडते, डोळे पुसते आणि आत येते."

रांगेतली एक बाई रोज उशिरावरून भांडायची. तीच म्हणाली, "घे गं बाई, तुझा वेळ घे."

"पिवळीला परत आणलंय," थर्मन म्हणाला. "अजून रुसलेलीच आहे. उद्या येतो. उद्याही आधी तुम्हीच बोलायचं."

आज माझा तडा जाळीला टेकलाय. येत्या सोमवारी मला काढणार. माझ्या जागी यंत्र बसणार आहे. ते पेला भरेल, "बोला" म्हणेल आणि आवाज आला की हिरवा दिवा लावेल. डेल्फियाच्या एप्रनच्या खिशात राजीनाम्याचा कागद आहे, त्याचा पांढरा कोपरा मला दिसतो. पण कॉफी अजून बिनसाखरेचीच आहे. वर्षाचा नेम तिने पहिल्या दिवसापासून पुन्हा धरलाय. त्या कोपऱ्याकडे पाहून मला धास्ती वाटते आणि कॉफीकडे पाहून आशा.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या ओळखीत दिवसभर दुसऱ्यांची चौकशी करणारं कुणी असेल, तर एकदा तिला विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

काल यंत्र तपासायला आणलं होतं. प्रेविट त्याच्यासमोर उभा राहिला आणि नुसता खोकला.

हिरवा दिवा लागला.