कोणतं रिकामं

"रिकामं? मला?" मनाली हसली आणि हातातली मेथीची जुडी तिने परातीत टाकली. "ताई, इथे मला मरायला वेळ नाही. लिहा, अजिबात नाही."

मी शून्याभोवती गोल केला. नववा प्रश्न असा होता: गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला रिकामं रिकामं वाटलं का? उत्तरं चार. अजिबात नाही, कधी कधी, बरेचदा, जवळजवळ रोज. त्यांचे गुण शून्य ते तीन. याआधीच्या आठ प्रश्नांत मनालीने मला सांगितलं होतं की तिला पहाटे तीनला जाग येते, घास घशाखाली उतरत नाही आणि मुलीला शाळेत सोडून येताना रस्त्यातच रडू येतं. रिकामं मात्र अजिबात नाही. भांडुपच्या टेकडीवरच्या कुठल्याही बाईला विचारा, रिकामं वाटणं म्हणजे हाताला काम नसणं, सवड असणं. तेवढी चैन तिथे कोणालाच नव्हती.

मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समजावायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही. समोरच्याने 'म्हणजे काय' विचारलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचायचा, नाहीतर प्रत्येकीचा प्रश्न वेगळा होईल आणि मोजमापाला अर्थ राहणार नाही. मला ते पटलं. त्या दिवसांत मला सगळंच पटत असे.

मी रत्नप्रभा. एकवीस वर्षं बालवाडीत शिकवलं, मग ती बंद झाली. मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात डॉक्टर श्रुतिका मॅडमनी उदासी मोजायची मराठी प्रश्नावली तयार केली होती, सतरा प्रश्नांची. ती खरोखर उदासीच मोजते की भलतंच काही, हे आधी तपासायचं होतं. त्यासाठी मी घरोघर जाऊन ती वाचायची. ज्यांचे गुण बारा किंवा जास्त भरतील त्यांना चिठ्ठी जाणार, मग मॅडम स्वतः त्यांच्याशी तासभर बोलणार. कमी गुणांच्या काहींनाही नावं काढून बोलावणार, म्हणजे मॅडमचं मत आणि प्रश्नावलीचे गुण जुळतात का ते दिसेल. शिवाय काही आठवड्यांनी मी त्याच घरी जाऊन तीच प्रश्नावली पुन्हा वाचायची, उत्तरं तशीच येतात का पाहायला. काम सोपं होतं. दुसऱ्याचं ऐकायचं आणि गोल करायचा.

हे काम धरलं त्याच्या वर्षभर आधी माझा नवरा गेला. चंद्रप्रकाश. कारखान्यात फिटर होता, घरी येऊन चहा पिता पिता गेला. मी रडले नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की रत्नाने स्वतःला छान सावरलंय. सावरायला काही कोसळावं तरी लागतं. मला काही होतच नव्हतं. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं. फक्त माझं ते उतरलंच नाही. जेवत होते, झोपत होते, शेजारच्या बारशाला जाऊन पाळणाही म्हणून आले.

शेवंतीकाकींकडे गेले ती मनालीनंतरची गोष्ट. त्या मूळच्या कोकणातल्या, टेकडीच्या वरच्या अंगाला त्यांची खोली. नवरा अनंत, मिल बंद पडल्यापासून वॉचमन. मुलगा बदलापूरला. सासू अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती चार महिन्यांपूर्वी गेली. खाट काढून टाकली होती, पण भिंतीवर तिची रेघ तशीच होती आणि त्या जागी कोणी काही ठेवलं नव्हतं. काकी तांदूळ निवडत उत्तरं देत होत्या. झोप? येते. भूक? खातंय आपला. रडू? नाही. बहुतेक सगळ्यांना एक, नाहीतर शून्य.

नववा प्रश्न वाचला आणि त्यांचे हात थांबले. त्या हसल्या नाहीत, 'म्हणजे काय' असंही म्हणाल्या नाहीत. ताटात बघत राहिल्या. मी पुन्हा वाचणार तेवढ्यात म्हणाल्या, "होय. रोज."

मी तीनला गोल केला. पुढचा प्रश्न कोणता हे मला क्षणभर कागदावर सापडेना. तिथेच बेरीज केली तर बारा. बरोबर काठावर. चिठ्ठी येईल, असं मी त्यांना सांगून आले होते.

पंधरा दिवसांनी विभागात बैठक झाली. आकड्यांचं काम सुबोध बघायचा. तिशीचा, हुशार, मला रत्नाताई म्हणणारा. त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि म्हणाला की नववा प्रश्न उलटा चालतोय. मग मला कळावं म्हणून त्याने समजावलं. प्रत्येक प्रश्नाने बाकीच्यांच्या बरोबर चालायला हवं. माणूस जितका जास्त आजारी, तितके त्या प्रश्नाला जास्त गुण पडले पाहिजेत. इथे ज्यांची तब्येत मॅडमनाही वाईट वाटली त्या बायका शून्य सांगतायत आणि ठणठणीत असलेल्या दोन-तीन सांगतायत. एकटा हा प्रश्न सगळ्या प्रश्नावलीला खाली ओढतोय.

मॅडम बुचकळ्यात पडल्या. इंग्रजी प्रश्नावल्यांत हा प्रश्न हमखास असतो, म्हणाल्या, आणि तिथे तो चांगला चालतो. भाषांतरही दोघांकडून तपासून घेतलं होतं.

"त्यांना वाटतं, सवड आहे का ते विचारतोय," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मग सुबोध हसत सुटला आणि मॅडमनी कपाळाला हात लावला. हसणं ओसरल्यावर मॅडमनी विचारलं की हे मला कधीपासून माहीत होतं. मी खरं ते सांगितलं.

"दोनशे बारा फॉर्म झाले, ताई. बोलला का नाहीत?"

"समजावायचं नाही असं सांगितलं होतं."

"त्यांना समजावायचं नव्हतं. आम्हाला तर सांगायचं."

बरोबरच होतं त्यांचं. मला लाज वाटायला हवी होती, हेही मला समजत होतं. मी मान हलवली आणि पाणी प्यायले.

प्रश्न काढून टाकायचं ठरलं. राहिले सोळा, आणि चिठ्ठीची हद्द बारावरून अकरावर आली. सुबोधने तिथल्या तिथे नवी यादी काढली. मी ती वाचली. शेवंतीकाकींचे तीन गुण प्रश्नाबरोबर गेले होते. राहिले नऊ. त्यांचं नाव यादीत नव्हतं.

मी म्हणाले, या बाईंना प्रश्न बरोबर कळला होता. सुबोधने त्यांचा फॉर्म काढला, नीट वाचला. तो वाईट माणूस नव्हता, घाईतही नव्हता. म्हणाला, घरातलं अकरा वर्षांचं आजारपण संपलंय, काम कमी झालंय, म्हणजे इतरांसारखंच यांनीही सवड याच अर्थाने सांगितलं असणार.

"नाही," मी म्हणाले.

"कशावरून, ताई?"

उत्तर होतं माझ्याकडे. ते त्या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. सुबोध समजुतीने म्हणाला की एका फॉर्मसाठी प्रश्न ठेवता येत नाही. मॅडम म्हणाल्या की ओपीडी सगळ्यांना उघडी आहे, मंगळवारी बाई आपणहून आल्या तर मी जरूर बघेन. फक्त यादीबाहेर प्रकल्पाची चिठ्ठी पाठवता येणार नाही, मग निवडीला अर्थ राहत नाही. यातही चूक काहीच नव्हतं. पण काकी आपणहून येणार नाहीत हे मला माहीत होतं. तांदळाच्या ताटावर थांबलेले ते हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. चंद्रप्रकाश गेल्यापासून पहिल्यांदा मला कशाची तरी भीती वाटली.

दुसऱ्या फेरीसाठी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकींनी दारातच विचारलं, "चिठी काय इली नाय. म्हणजे पास झालंय मां मी?"

मी म्हणाले, यात पास-नापास नसतं. त्यांना ते खरं वाटलं नाही. शेजारणीला चिठ्ठी आली होती, ती नापास. सोळा प्रश्न मी वाचले तसे त्या झटपट उत्तरं देत गेल्या, पुन्हा पास व्हायचं म्हणून. झोप झकास, भूक भरपूर. बेरीज पाच. मागच्या खेपेपेक्षा चेहरा उतरला होता, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता, आणि कागदावर बाई सुधारली होती. हा कागद सुबोधकडे गेला की पुन्हा कोणी त्यांचं नाव काढणार नव्हतं.

मी फाइल बंद केली. पेनला टोपण लावलं.

"काकी, मागच्या वेळी मी विचारलं होतं, रिकामं वाटतं का. तुम्ही रोज म्हणालात. कोणतं रिकामं?"

दोनशे बारा घरांत न मोडलेला नियम मी तिथे मोडला. काकी माझ्या बंद फाइलकडे बघत राहिल्या. मी प्रश्न पुन्हा वाचला नाही.

"हात काय रिकामे नाय गे," त्या म्हणाल्या. "पाणी भरतंय, ह्यांचो डबो करतंय, शेजारणीचा पोर सांभाळतंय. सासूचा अकरा वर्सा हगणा-मुतणा काढलंय. शिव्या घाली माका. पण दिवसातून शंभर वेळा हाक मारी. आता कोण हाक मारणा नाय. भांडी घासलंय काय, धुणा झाला काय, आत काय एक नाय. मी आसंय काय नाय, ताच कळणा नाय."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुका कसा कळला?"

"मलाही तसंच आहे," मी म्हणाले.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीला नाही, मनातल्या मनात स्वतःलासुद्धा नाही. बोलल्यावर वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. काकींनी घरी कोण असतं ते विचारलं, मी चंद्रप्रकाश गेल्याचं सांगितलं. त्यांनी 'अरेरे' केलं नाही, धीर दिला नाही. चहा ठेवला.

चहा पिता पिता मी ओपीडीचं सांगितलं. मंगळवारी मॅडम असतात, चिठ्ठी लागत नाही, मी सोबत येईन. काकींनी साफ नकार दिला. पास झालेल्या माणसाने डॉक्टरकडे कशाला जायचं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तू गेलंस?"

"नाही."

"थंयच काम करतंस आणि जाणस नाय?"

मी म्हणाले, माझं काम लोकांना विचारायचं आहे.

"मगे ऱ्हवांदे," त्यांनी विषय मिटवला. कप विसळून आल्या आणि पुन्हा बोलल्या. "तू येतलंस तर मी येतलंय. भायर बाकड्यार बसाक नाय. तुझा नाव घालूचा."

मी हो म्हणाले. मला वाटलं, नुसतं त्यांना आणण्यापुरतं म्हणतेय.

मंगळवारी काकी माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. घडी न मोडलेली साडी नेसल्या होत्या. अनंतकाकांना काय सांगून निघाल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. केसपेपरच्या खिडकीवर नंदकुमार होता. वर्षभर रोज मला बघणारा, येता-जाता चहा विचारणारा. त्याने मला रांगेतून पुढे बोलावलं. मी गेले नाही. आमचा नंबर आला तेव्हा काकींनी आपलं नाव, पत्ता, वय सगळं न अडखळता सांगितलं. पेपर बाहेर आला. त्यांनी तो घेतला, पण बाजूला झाल्या नाहीत.

"झालं ना, ताई?" नंदकुमारने विचारलं.

इथे मला नाही म्हणता आलं असतं. काकी दुसरीकडे बघत होत्या. त्यांनी आठवणसुद्धा करून दिली नाही.

"अजून एक," मी म्हणाले. "माझा."

"तुम्हाला कशाला केसपेपर? वर जाऊन मॅडमना असंच भेटा ना. स्टाफच की तुम्ही."

"असंच नको. काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नाव त्याला ठाऊक होतं, त्याने आपणच टाइप केलं. पत्ता मी सांगितला. मग त्याने वय विचारलं.

मला ते आठवेना. चंद्रप्रकाश गेला तेव्हाचं आठवत होतं. त्याच्यापुढे किती मिळवायचे ते डोक्यात येईना. नंदकुमारची बोटं की-बोर्डवर थांबली होती. मागच्या माणसाने घसा खाकरला, मग त्याच्या मागच्याने काय झालं म्हणून विचारलं.

शेवंतीकाकी खिडकीशी आल्या आणि त्यांनी आपला हात फळीवर ठेवला.

"सांगता ती," त्या नंदकुमारला म्हणाल्या. "थांब जरा."

तो थांबला.