बेगिमायच्या वाट्याची घोडी

मी घोडी आहे, पण शर्यतीची नव्हे आणि लढाईची तर नव्हेच. माझ्या पाठीवर बसून कोणी नाव कमावलं नाही. मी दुधाची घोडी. डोंगरातल्या सुसामीरच्या कुरणावर उन्हाळाभर दिवसातून सहा वेळा माझी धार काढतात, ते दूध आंबवून त्याचा कुमीस, म्हणजे थोडं चढणारं आंबट पेय, घुसळतात आणि खालच्या हमरस्त्यावर नेऊन विकतात. आमच्या माणसांच्या बोलीत तांबूस रंगाला जेर्दे म्हणतात, तेच माझं नाव. घोड्यासाठी याहून वेगळं नाव शोधत बसायला इथे वेळ कोणाला आहे?

दुधाच्या जनावराचा एक फायदा असतो. आधी शिंगरू तोंडाला लावायचं, पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढायचं, आणि एक गुडघा टेकून, दुसऱ्या गुडघ्यावर बादली तोलून धार काढायची. त्या वेळी माणसाचं डोकं माझ्या पोटाला टेकलेलं असतं. तशा अवस्थेत माणूस फार खरं बोलतो. नवरा बायकोबद्दल बोलतो, बायको सासरबद्दल बोलते. मी आजवर इकडचं तिकडे केलेलं नाही. आज करतेय, कारण या गोष्टीत माझ्याही जिवाचा प्रश्न होता.

बारा वर्षांपूर्वी, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता त्या दिवसांत मी जन्मले. माझी आई आमच्या मालकाच्या, कुबातच्या मुलीच्या, बेगिमायच्या वाट्याची घोडी होती. मूल झालं की त्याच्या नावाने एखादं जनावर बाजूला काढायचं, आणि त्या जनावराला जे होईल तेही त्या मुलाचंच, अशी इथली रीत. म्हणजे आई बेगिमायची, म्हणून मी बेगिमायची, आणि माझं शिंगरूही तिचंच. रीत चांगली आहे. फक्त ती कुठे लिहिलेली नसते आणि घाईच्या वेळी माणसाच्या लक्षात राहत नाही.

मी जन्मले तेव्हा बेगिमायचे दुधाचे दात पडत होते. ती माझा जबडा उघडून बघायची आणि माझे दात आधी येतात की तिचे, याचा हिशेब ठेवायची. जित्याची खोड म्हणतात तशी ही खोड तिला लागली ती लागलीच. पाहुणा जांभई द्यायला लागला की ही वाकून बघायची आणि आईचा धपाटा खायची. आमच्या कुरणावर दात दुखला की माणूस आधी वोदकाची चूळ धरतो, मग देवाचं नाव घेतो, आणि शेवटी शेजाऱ्याकडे पक्कड मागायला जातो. तिच्या बाबांच्या पुढच्या दोन दातांची वाट अशीच लागली होती. बेगिमायने ठरवलं, आपण दातांची डॉक्टर व्हायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिने परीक्षा दिली आणि मग आम्ही सगळे यादीची वाट बघत बसलो.

इथे फोनला रेंज नाही. ती हवी असेल तर घोड्यावर बसून मागची टेकडी चढावी लागते. पलीकडच्या तंबूतल्या तुर्दुबेकला बातम्यांची भारी हौस. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो टेकडीवर गेला, फोनवर विद्यापीठाची यादी उघडली, तीत बेगिमायचं नाव दिसलं आणि त्याने तशीच घोड्यावर टांग टाकली. उतारावरूनच तो ओरडत आला, "सुयुंचू, कुबात आके, सुयुंचू! तुमची पोर लागली विद्यापीठाला!"

आके म्हणजे दादा, आणि सुयुंचू म्हणजे चांगली बातमी आणणाऱ्याचा हक्क. ती ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे काहीतरी द्यायचं. लोक टोपी देतात, चहा देतात, फार तर कोकरू देतात. कुबात त्या वेळी माझ्या शिंगराचा दोर सोडत होता. त्याचा चेहरा असा फुलला की तुटलेले दात झाकायचंही भान त्याला राहिलं नाही. हातातला दोर त्याने तुर्दुबेकच्या हातात दिला. "हे घे. हे तुझं," म्हणाला. माझ्यापाशी गुडघा टेकून बसलेल्या त्याच्या बायकोची, रायकानची, बोटं थांबली. मला ते कळलं.

पुढच्या धारेच्या वेळेपर्यंत बेगिमाय स्वतः टेकडीवर जाऊन आली. याद्या दोन होत्या. एक सरकारी जागांची, जिथे फी नाही. दुसरी फी भरून मिळणाऱ्या जागांची. तिचं नाव दुसऱ्या यादीत होतं. तुर्दुबेकने नाव पाहिलं होतं, यादीचं शीर्षक पाहिलं नव्हतं. दहा दिवसांत वर्षाची फी भरायची होती, आणि ती फी म्हणजे जवळजवळ माझी किंमत. निकड पडली तर विकायला म्हणून शिंगरू होतं, तेही सकाळीच हातचं गेलेलं.

संध्याकाळी तुर्दुबेक खाली मान घालून आला. म्हणाला, "आके, शिंगरू राहू दे. मी बातमी अर्धीच आणली."

"बातमी अर्धी होती," कुबात म्हणाला, "पण मला आनंद अख्खा झाला. तो काय परत देता येतो? शिंगरू तुझं. माझी घोडी आटेपर्यंत इथे राहील, मग घेऊन जा."

तुर्दुबेक गेल्यावर मात्र कुबातचं अवसान गळालं. शिंगरू मुळात आपलं नव्हतंच, पोरीचं होतं, हे त्याच्या आता लक्षात आलं. तिच्याच आनंदाच्या बातमीवर त्याने तिचीच वस्तू देऊन टाकली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. बेगिमायनेच त्याची सुटका केली. "बातमी माझी होती ना बाबा? मग शिंगरू माझंच जाणार. पण पुढच्या वेळी माझ्या वाट्यातलं देताना नुसतं एकदा विचारा." तो हसला, पण दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

मग घरात तीन मतं झाली. कुबात म्हणत होता, एक वर्ष थांबू, परत परीक्षा देऊ, सरकारी जागा मिळेल. रायकान म्हणत होती, जेर्देला विकू आणि फी भरून मोकळे होऊ. तिसरी वाट बँकेच्या कर्जाची होती. तिचं नाव कोणी काढलं की रायकान उठून कुमीस घुसळायला जायची, आणि इतका जोरात घुसळायची की बोलणं पुढे सरकायचंच नाही.

खरं सांगते, बेगिमायचंही ठरत नव्हतं. ती माझ्याजवळ बोलली म्हणून मला माहीत. "जेर्दे, मला भीती वाटते," ती पोटाला डोकं टेकून म्हणाली. "अजून बूट हवे असले तर मी बाबांकडे मागते, आणि कर्जाच्या कागदावर सही करू?" थांबायचाही तिने विचार केला. पण मागच्या वर्षी थांबलेली तिची मैत्रीण अजून थांबलेलीच होती, हे ती मला दोनदा म्हणाली. तीन दिवस ती धार काढताना मध्येच हात थांबवून बसायची. मी एकदाही पाय आपटला नाही. एरवी मी आपटते.

चौथ्या दिवशी रायकानने बोलावलेलं गिऱ्हाईक आलं. चांगल्या कोटातला, गोड बोलणारा माणूस होता. मला वाटलं, आता हा माझे दात बघेल, कास बघेल, किती दूध देते म्हणून विचारेल. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. सरळ माझ्या कुशीला हात लावला आणि बरगड्यांवर चरबी किती ते चाचपलं. आमच्याकडे घोड्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. बरगड्या बघणारा माणूस घोडी दुधासाठी नव्हे, मांसासाठी नेतो. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बेगिमायने ते पाहिलं. तिने त्याच्यापुढे कुमीसाची वाटी धरली, तो पिईपर्यंत शांतपणे उभी राहिली, आणि मग म्हणाली, "काका, घोडी माझी आहे. मला विकायची नाही."

तो गेला. रायकान भडकली. दारात आलेल्या माणसाला असं वाटेला लावतात का, म्हणाली. पण धारेची वेळ झाली होती आणि घोडी कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही. रायकान माझ्याजवळ बसली, बेगिमायने शिंगरू धरलं, आणि जे चार दिवस अडून राहिलं होतं ते माझ्या पोटाशी बोललं गेलं.

"कर्ज म्हणजे काय ते तुला माहीत नाही," रायकान म्हणाली. "तुझ्या मामाने ट्रॅक्टर घेतला. दोन वर्षं नीट गेली. मग फोन वाजला की तो गोठ्यामागे जाऊन बसायचा, आणि पोरं सांगायची, बाबा घरी नाहीत. तीन वर्षं माझा भाऊ स्वतःच्या घरात घरी नव्हता. तुला तसं लपलेलं बघायचं नाही मला."

बेगिमाय म्हणाली, "आई, हिला विकून एक वर्ष निघेल. शिकायची आहेत पाच. पुढच्या वर्षी काय विकायचं, तंबू? ही राहिली, आपल्या बाकीच्या तीन घोड्या राहिल्या, तर दर उन्हाळ्याला दूध आहे. मी एकाच वर्षाच्या फीचं कर्ज घेते. ते फिटलं तरच पुढचं. सुट्टीत इथे येईन, रस्त्यावर कुमीस विकायला मीच बसेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बँकेचा फोन आला की मीच उचलेन. नाही जमत म्हणून सांगेन. पण गोठ्यामागे जाणार नाही."

रायकान धार काढतच राहिली. त्या दिवशी तिने माझी शेवटची धारही काढली, जी एरवी शिंगरासाठी ठेवायची असते. तिचं लक्ष नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

बेगिमायने टेकडीवरून फोन केला आणि दोन दिवसांनी बँकेचा माणूस कुरणावर आला. एर्मेक त्याचं नाव. शहरी बूट घालून आला आणि गाडीतून उतरताच शेणात पडला. कर्ज बेगिमायच्या नावावर, जामीन तिची आई, आणि तारण मी, असं ठरलं होतं. त्याने माझा समोरून एक, बाजूने एक असे फोटो काढले. मी मान ताठ ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो निघत होता, आणि तोही कामाचा. कागदावर त्याने लिहिलं, घोडी, तांबूस, वय बारा, प्रकृती उत्तम. ते वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग तो सावलीला बसून कुमीसाच्या तीन वाट्या प्यायला, त्याचे कान लाल झाले, आणि त्याने कागद रायकानपुढे सरकवला. बेगिमाय माझा दोर धरून उभी होती. पोरीची पाच वर्षं त्या एका सहीवर अडली होती.

रायकानने लेखणी उचलली नाही. "हप्ता चुकला तर काय कराल?" तिने विचारलं.

"आधी फोन करू, एजे. मग पत्र. फारच झालं तर घोडी नेऊ." एजे म्हणजे आमच्या बोलीत ताई.

"आणि पोरीला काय कराल?"

एर्मेक गोंधळला. त्याला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. "पोरीला काय करणार? तिला शिकू दे की."

"तिचं शिक्षण परत नाही नेता येणार?"

"ते कसं नेणार, एजे?"

"मग दे इकडे," रायकान म्हणाली, आणि तिने सही केली.

आता तुम्ही म्हणाल, जेर्दे, तुलाच नेतील म्हणाला तो, आणि तू खूश? हो, मी खूश. मला रागही आला नाही. उलट मनात म्हटलं, बाई, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तू बरोबर हिशेब केलास. घोडी नेता येते, शिकलेलं नेता येत नाही. आणि कोणी मला नेलंच, तर ते माझ्या पोरीपायी असेल. कोटवाल्याने नेण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ऑगस्ट सरायच्या आत बेगिमाय गेली. रस्त्यावर येणाऱ्या छोट्या बसमध्ये बसताना तिच्याकडे एक पिशवी, एक रजई आणि बिस्किटांचा डबा होता. जाण्याआधी सकाळची धार तिनेच काढली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि रडली. मला रडता येत नाही, पण मीही तिच्या खांद्यावर मान ठेवली. वाईट वाटलं ते वाटलंच, ते लपवायचं कशाला?

शिंगरूही गेलं. मी आटले तसा तुर्दुबेक येऊन त्याला घेऊन गेला. दोन दिवस मी टेकडीकडे तोंड करून खिंकाळले. आता ते पलीकडच्या कुरणावर दिसतं, अंगाने भरलंय. माझ्या पोटात पुढचं आहे, वसंतात येईल. तेही बेगिमायचंच, आणि या वेळी कुबातने ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

पहिला हप्ता रायकान स्वतः भरायला गेली. मुदत सोमवारची होती, ती गुरुवारीच गेली. आल्यावर कोणाशी न बोलता तडक माझ्याकडे आली. माझ्यात दूध नव्हतं, धार काढायची नव्हती, तरी ती खाली बसली आणि माझ्या पोटाला डोकं टेकून म्हणाली, "दिला गं." बराच वेळ तशीच बसून राहिली. एवढी वर्षं मी तिची धारेची सोबतीण, पण नुसतं बोलायला ती आली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

थंडी पडू लागली आहे. दोन-चार दिवसांत आम्ही खाली गावात उतरू. मी धष्टपुष्ट आहे, कर्ज फिटेपर्यंत बँकेची आहे आणि मुळात बेगिमायची आहे. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्या हमरस्त्याने गेलात आणि कडेला एखादी मुलगी कुमीसाच्या बाटल्या मांडून बसलेली दिसली, तर थांबा. वाटीभर प्या. आंबट लागला तर तोंड वाकडं करा, त्याला हरकत नाही. पण किमतीत घासाघीस करू नका. त्या मुलीला लाज वाटेल आणि ती कमी करून देईल, आणि तेवढ्याने तिच्या आईला सोमवारच्या हप्त्यासाठी गुरुवारी जाता येणार नाही.