निवृत्तीमामांचा फोन

लातूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, रामकिशन शेठांनी जेबाच्या प्रोग्रामला एकदा होकाराची मान हलवली, की तिचा फायदा मोठा होता: नांदेडात बसून काम, सकाळी अम्मीच्या हातची खिचडी-खट्टा, आणि पुण्याच्या खोलीत तिघींशी एका आरशावरून भांडण्यातून सुटका. मान हलली नाही, तर सोमवारी पुण्याची गाडी. तिच्या कंपनीच्या साहेबांनी हे हसत सांगितलं होतं, आणि साहेब हसून सांगतात ते करतातच.

शेठांच्या आडत दुकानात तीन मुनीम आणि तीन फोन. हे फोन संगणकावरून चालवायचा तो प्रोग्राम जेबानं लिहिला होता. त्यातली खुबी अशी, की शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला तर जागेवरून न उठता स्टार आठ दाबायचं. तो फोन आपल्या कानात. नांदेडच्या ऑफिसात हे झकास चालायचं. तिथं कुणाचाही फोन कुणीही उचले, कारण फोन बहुतेक जेवणाच्या डब्यांचेच असत.

प्रात्यक्षिक सुरू झालं. थोरले मुनीम निवृत्तीमामा वजनकाट्यावर गेले होते, आणि त्यांचा फोन वाजला. दुसऱ्या मुनीम सिंधुताईंनी पंख्याकडे पाहिलं. तिसरा, धाकटा सत्यम, पेनाचं टोपण काढून पुन्हा लावू लागला. फोन वाजून वाजून थकला.

"बटण झ्याक हाय, मॅडम," शेठ म्हणाले. "दाबणारं माणूस बी तुम्हीच धाडता का?"

जेबानं प्रोग्राम वरपासून खालपर्यंत पाहिला. बिघाड सापडेना.

"त्यात काय सापडायचं न्हाई, पोरी," सिंधुताई म्हणाल्या. "हितं शेतकऱ्याचा मुनीम ठरलेला. बापाचा तोच लेकाचा. दुसऱ्याचा फोन उचलायचा म्हंजे त्याच्या ताटातली भाकर उचलायची. मागल्या हंगामात ह्या सत्यमनं मामांचा उचलला, अन् तो शेतकरी ह्याच्याकडंच आला. तवापासून मामांचा चहा येगळा."

"लई वेळ वाजून राहिला होता, ताई," सत्यम पुटपुटला.

"व्हय. अन् तू लई भोळा."

जेबाचे कान तापले. फोन जो उचलेल, त्याच्याच नावावर तो शेतकरी चढेल, हा नियम तिनंच लिहिला होता. म्हणजे ताटातली भाकर उचलायचा चिमटा तीच घेऊन आली होती.

"दुपारपर्यंत थांबा, शेठ," ती म्हणाली आणि खाली मान घालून लिहीत बसली.

दुपारी तिनं दाखवलं. आता उचलणाऱ्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत येई, 'हा फोन निवृत्तीमामांचा'. कुणीही उचलला तरी शेतकरी मामांचाच राही, आणि मामा परतले की कोण काय बोललं, ते सगळं त्यांना ऐकता येई.

"अन् उचलणाऱ्याला काय?" शेठांनी विचारलं.

"त्याचा वाजेल तेव्हा त्याचाही कुणीतरी उचलेल."

"ह्यो तर निव्वळ भरवशाचा धंदा झाला."

"मोंढा दुसऱ्या कशावर चालतो, शेठ?"

शेठ मिशीत हसले. मान मात्र हलली नाही.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामा पुन्हा काट्यावर गेलेले. सत्यमचं बोट बटणावर घुटमळलं, मग दाबलं.

"मामांच्या टेबलावरून बोलतोय. किल्लारीहून निघालाव? सोयाबीन घेऊन या बिनघोर, मामांच्या नावानं उतरवून ठेवतो." आणि तो हमालांना सांगायला बाहेर गेला.

मामा आले. पडद्यावर सत्यमचं नाव पाहून त्यांच्या भुवया चढल्या. त्यांनी सत्यमचं बोलणं ऐकलं. पुन्हा ऐकलं. जेबानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

आणि मग सत्यमचा फोन वाजू लागला.

सिंधुताईंनी सवयीनं पंख्याकडे पाहिलं. मामांनी घसा खाकरला, चष्मा वर सारला आणि एका बोटानं, मुंगी चिरडावी तसं, स्टार दाबलं. मग आठ.

"सत्यमच्या टेबलावरून बोलतोय," मामा म्हणाले. "पोरगं माझ्याच कामाला गेलंय. बोला."

शेठांची मान हलली.

आता हिशेब. जेबाला नांदेड मिळालं. शेठांना न चुकणारे फोन मिळाले. पुण्याच्या तिघींना चौथीविना अख्खा आरसा मिळाला. सत्यमनं दुसऱ्याच्या सोयाबीनसाठी घाम गाळला, पण त्याला तो जड गेला नाही. खरी किंमत मोजली ती निवृत्तीमामांनी: वर्षभर जिवापाड जपलेला राग गेला, आणि वर सगळ्यांचा चहा, एकाच किटलीतला, त्यांच्याच खिशातून.