पाहुण्याचं ताट

इनास फादरांच्या नावाचं कार्ड नव्हतं. नाताळच्या जेवणाला टेबलावर ठेवायच्या कार्डांचा गठ्ठा मी दोनदा चाळला. क्राकूवहून आलेल्या पाहुण्या फादरांचं कार्ड होतं, वकिलातीतल्या साहेबांचं होतं, त्यांच्या बायकोचं होतं. जो माणूस फोटो काढत फिरणार होता, ताटाला हातसुद्धा लावणार नव्हता, त्याचंही होतं. ज्या माणसानं ही शाळा उभी केली त्याला तेवढी जागा नव्हती.

मी कुवेतमधल्या हवल्लीतल्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. शाळेचे खालचे वर्ग आणि हॉल दर शनिवारी पोलिश लोक भाड्यानं घेतात. आई पोलंडची, बाप कुठे लेबनानी, कुठे इजिप्तचा, कुठे इथलाच, अशा घरांतली ही पोरं. आठवडाभर इंग्रजी आणि अरबीत वावरतात, म्हणून शनिवारी त्यांना आईची भाषा, आईकडची गाणी आणि धर्म शिकवायचा. दारं उघडायला, झेरॉक्स काढायला आणि वेळ पडली तर खुर्च्या मांडायला मी, सुजाता कदम, माहेर चिपळूण.

आणि शिकवायला फादर इनास कोरिया. वसईजवळच्या नंदाखालचे. तरुणपणी चर्चनं त्यांना शिकायला पोलंडला पाठवलं. तिथल्या बर्फात वर्षानुवर्षं काढून भाषा अंगात मुरवून परत आले, तर वसईत ती बोलायला कोण? पुढे कुवेतला बदली झाली. एक दिवस इथल्या इस्पितळातल्या पोलिश नर्सेसना कळलं, की चर्चमध्ये एक काळासावळा फादर आहे आणि तो आपली भाषा बोलतो. त्या रडतच आल्या म्हणे. त्यांची लग्नं झाली, पोरं झाली, तेव्हा फादरांनी चर्चच्या जिन्याखाली सतरंजी अंथरून अक्षरं गिरवून घ्यायला सुरुवात केली. तीच ही शाळा. माझी त्यांची ओळख झाली ती मी फोनवर नवऱ्याला झापत असताना. मागून आवाज आला, "चिपळूणच्या का तुम्ही? तिकडच्या बायकाच एवढं चांगलं झापतात." मी चाटच पडले. तेव्हापासून शनिवारचा पहिला चहा आम्ही दोघं मराठीतून प्यायचो.

कार्डाचं विचारायला मी मागदाकडे गेले. मागदा आता कमिटीची अध्यक्ष. आई त्याच नर्सेसपैकी एक, बाप लेबनानी, आणि ही जिन्याखालच्या सतरंजीवरची पहिली विद्यार्थिनी. तिनं अगदी गोड आवाजात समजावलं. यंदा वकिलातीचे लोक येणार आहेत, तेव्हा सण खऱ्या पोलंडसारखा व्हायला हवा. मुलांनी खरे उच्चार ऐकायला हवेत. प्रार्थना आणि वेफर मोडणं पाहुणे फादर करतील. आणि फादर इनासना कुठे एका जागी बसायला आवडतं? ते आपले स्वयंपाकघरात असतील, इकडे तिकडे करतील.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उच्चार म्हणे! हिच्या तोंडातला शब्द न् शब्द नंदाखालच्या त्या माणसानं घातलेला. ह्या शाळेतली झाडून सगळी पोरं पोलिश बोलतात ती वसईच्या हेलात बोलतात आणि ही बाईही तशीच बोलते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण हेल कळतो. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय? पण मी शाळेची नोकर आणि ती भाडेकरू. मी "ओके मॅडम" म्हटलं आणि निघाले.

फादर कॉरिडॉरमध्ये वेफरची पाकिटं सोडत बसले होते. नाताळच्या जेवणाआधी हे लोक पांढऱ्या, कागदासारख्या पातळ वेफरचा एकेक तुकडा हातात धरतात. तुम्ही माझ्यातला मोडून खायचा, मी तुमच्यातला, आणि एकमेकांसाठी येत्या वर्षाचं चांगलं काहीतरी मागायचं. फादर दर वर्षी पोरापोरापुढे गुडघ्यावर बसायचे. कुणासाठी गणितात अक्कल मागायचे, कुणाच्या आईबापाचं भांडण मिटो म्हणायचे. पोरं त्याचीच वाट बघायची. यंदाचं शेवटचं होतं. चर्चनं त्यांना निवृत्त केलं होतं, अकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती, जानेवारीत नंदाखालला परतायचं होतं. गेला महिनाभर चहा पिताना ते मला सांगत होते, ह्याच्यासाठी काय मागणार, तिच्यासाठी काय मागणार.

मी मागदाचं म्हणणं सांगितलं. त्यांनी हातातल्या पाकिटाचा कागद नीट घडी करून ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय, फादर? तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"सण त्यांचा आहे, सुजाता. मी पाहुणा."

"इतकी वर्षं राहतो तो पाहुणा असतो होय?"

ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग म्हणाले, "पोरांशी एकेकाशी बोलायचं होतं गं. एवढंच."

मग मला सुचलं. ह्या लोकांचा रिवाज आहे, त्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायचं. ताट, चमचा, पेला, खुर्ची, सगळं. ते कुणाचंच नसतं. दारात अचानक जो अनोळखी येईल, त्याचं. फादर दर वर्षी पोरांना ते समजावून सांगायचे आणि दर वर्षी मी ते ताट न धुताच कपाटात ठेवायची, कारण आजवर कुणी आलंच नव्हतं. मी म्हटलं, फादर, बाहेर जा, दारावरची बेल वाजवा आणि सरळ त्या खुर्चीवर येऊन बसा. रिवाज त्यांचाच, बघू कोण उठवतंय.

"ती खुर्ची आपण मागून घ्यायची नसते," ते म्हणाले आणि वेफर ताटात लावायला लागले.

अंधार पडला. पहिली चांदणी दिसल्याशिवाय हे लोक जेवायला बसत नाहीत. पोरांनी ती खिडकीतून बघितली, सगळे कार्डं वाचून बसले. पाहुणे फादर भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं प्रार्थना म्हटली, वकिलातीतल्या साहेबाबरोबर वेफर मोडला, फोटो निघाला. मग पोरांची रांग लावली. इनास फादर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आपला वेफर हातात धरून. रांगेतली हिना, सगळ्यांत लहान, तिला ते दिसले आणि ती रांग सोडून त्यांच्याकडे चालायला लागली. मागदानं तिला खांद्याला धरून परत वळवली, फोटोवाला खोळंबला होता. फादरांनी लांबूनच हात हलवला, जा बाळा, जा. मी सुपाचं पातेलं असं आदळलं की दोन टेबलांनी वळून बघितलं. बघू देत.

पुन्हा दाराकडे बघितलं तर फादर नव्हते. मला वाटलं, गेले घरी. पण जाकीट खुंटीला होतं.

तेवढ्यात हॉलची बेल वाजली. फादर आत आले आणि त्यांनी तौफीकला हाताला धरून आणलं होतं. तौफीक आमच्या शाळेचा हारिस, म्हणजे पहारेकरी, बांगलादेशचा. कानटोपी, जुनं जाकीट, गारठ्यानं नाक लाल झालेलं. फादर पोलिशमध्ये एकच वाक्य बोलले. पोरांना ते लगेच कळलं, सगळी त्या खुर्चीकडे बघायला लागली. नंतर मी विचारलं तेव्हा फादरांनी सांगितलं, "पाहुणा आला आहे" एवढंच म्हटलं होतं.

तौफीक अंग चोरत होता. म्हणाला, "फादर, मेरा ड्यूटी है." फादर म्हणाले, "आज के खाने में गोश्त नहीं होता, आराम से खाओ." त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. पाहुणे फादर उभे राहिले, म्हणून वकिलातीतले साहेब उभे राहिले, म्हणून सगळा हॉल उभा राहिला. इनास फादरांनी बीटाचं सूप आणून त्याच्यापुढे ठेवलं. मग आपला वेफर त्याच्यापुढे धरला. तौफीकनं भीत भीत कोपरा मोडला. फादर वाकून त्याच्याशी हिंदीत हळूहळू काहीतरी बोलले, बराच वेळ बोलले, आणि तौफीकनं डोळे पुसले.

मागदा लालेलाल झाली होती. ती आपली खुर्ची मागे सारून फादरांकडे आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत जागेवर बसवलं, सूप गार होतंय म्हणाले. पोरंही बसली, सगळी जेवायला लागली. पोरांसाठी महिनाभर योजलेलं फादरांच्या पोटातच राहिलं.

टॅक्सीपर्यंत मी सोडायला गेले. म्हटलं, चांगली जिरवलीत त्यांची. ते थांबले. म्हणाले, "जिरवायला नव्हतं गं. तौफीक बाहेर कुडकुडत होता आणि आत ताट रिकामं होतं." मग खिशातून उरलेला वेफर काढून माझ्यापुढे धरला. मी मोडला. "तुझ्यासाठी काय मागू?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "तुझा राग असाच राहू दे. फक्त जेवून रागावत जा." मला त्यांच्यासाठी काही मागायचं होतं. मी टॅक्सीचं दार उघडून धरलं.

जानेवारीत ते गेले. निरोपाचा केक झाला, फोटो झाले. माझा राग अजून आहे.

ह्या डिसेंबरात मागदा टेबलं लावायला आली. गेल्या वर्षीच्या पाहुण्या फादरांच्या क्राकूवमधल्या शाळेनं शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला होता, तो पडद्यावर दाखवायचा होता. जास्तीचं ताट मी मांडलं होतंच. तिनं विचारलं, "सुजाता, वेफरची पाकिटं कुठल्या कपाटात असतात?"

मी सांगितलं, कपाटात नसतात. ऑक्टोबर लागला की फादर क्राकूवला, शिकत असतानाच्या ओळखीच्या नन्सच्या मठात फोन करायचे, मग त्या पोस्टानं पाठवायच्या. यंदा कुणी फोन केलेला नाही.

पोरं खिडकीशी चांदणी शोधायला जमायला लागली होती. मागदानं पहिलं कपाट उघडलं, बंद केलं, दुसरं उघडलं. एकेक करत सगळी उघडून बघितली.