शिट्टी झाली, खेळ चालू

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. माझा एक कान तुटलाय, बूड काळं पडलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा चकाकत होतो. खेळाच्या मास्तरांच्या लग्नात आहेर म्हणून आलो. त्या आहेरात भिंतीवरची घड्याळंच घड्याळं होती, कुकर मात्र मी एकटाच. त्यामुळे माझा भाव वधारला.

मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या बाईंनी, मला लेकरासारखं सांभाळलं. माझी रबरी रिंग त्या रोज धुवून खिळ्याला टांगायच्या. मास्तर स्वयंपाकघरात यायचे ते फक्त जेवायला. शाळेत त्यांनी शिट्टी वाजवली की अख्खं मैदान जागच्या जागी थांबायचं. घरी मी वाजवली की मास्तर हात धुवायचे.

मग बाई गेल्या. मला माळ्यावर टाकलं. खाली मास्तर एकटेच पाव चावत बसायचे. घरात कुणाचीच शिट्टी वाजेना. माझ्या पोटात एका कोळ्यानं जाळं विणलं. घरात तेवढाच एक संसार चालू होता.

एकदा लेक आली. बापाचे ढगळ झालेले शर्ट बघून भडकलीच.

"बाबा, हे घर बंद करू. माझ्याकडे चला."

"मला जमतं सगळं."

"काय जमतं? रविवारी जेवायला येते. साधा भात करून दाखवा. नाही जमला तर बॅग भरायची. आणि माळ्यावरचं ते डबडं भंगारात!"

डबडं म्हणजे मी, मित्रांनो.

मास्तरांनी मला खाली उतरवलं, कोळ्याची माफी मागितली आणि भात लावला. मी पहिली शिट्टी दिली. मास्तर धावत आले आणि गॅस बंद! शिट्टी झाली की खेळ थांबतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. भात कसला, खडीच ती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खिळ्यावरची रिंग लावायलाच विसरले. वाफ चहूकडून पळाली, मी मुका झालो, भात करपला. शेवटी मास्तरांनी चिडून खिशातली शिट्टी काढली आणि माझ्यावर जोरात फुंकली.

शेजारच्या शिंपीणकाकू खिडकीतून डोकावल्या. "काय मास्तर, मॅच लागलीय का?"

"हा ऐकतच नाही माझं!"

"अहो, तुमच्या मैदानावर शिट्टी म्हणजे थांबा. आमच्या स्वयंपाकघरात शिट्टी म्हणजे चालू द्या! तीन होऊ द्यायच्या. आणि खिळ्यावरची ती रिंग काय शोभेला ठेवलीय?"

मास्तर रिंगेकडे बघत राहिले. बाई टांगायच्या त्याच खिळ्यावर होती ती. मग हळूच म्हणाले, "परत एकदा सांगता?"

हे वाक्य आजवर त्यांना पोरं म्हणायची.

रविवारी पहिल्या शिट्टीला त्यांचा हात गॅसकडे गेलाच. त्यांनी तो दुसऱ्या हातानं पाठीमागे धरून ठेवला. तीन शिट्ट्या होईपर्यंत तसेच उभे, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

लेकीनं घास घेतला. "बाबा, मीठ?"

"तो पुढचा धडा."

ती हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "बरं. राहा इथेच."

आता मास्तर मीठही घालतात. रिंग धुवून खिळ्याला टांगतात. या वयात सगळं शिकले. फक्त एकट्यापुरता भात लावायला अजून शिकले नाहीत. तांदूळ दोघांचेच घेतात. उरलेला भात रात्रभर माझ्या पोटात गार होत राहतो.

म्हणून मित्रांनो, कुकरची रिंग जपाच. पण शेजारी कुणी असं एकटं राहत असेल, तर तिसऱ्या शिट्टीला सरळ जेवायला जा. भात असतो.